ईदचे कपडे घरी शिवायचेत? कापडाआधी फर्मा निवडा

रमजानचा पहिला अशरा संपत आला की मोहल्ल्यातल्या लेडीज टेलरच्या दुकानावर 'ऑर्डर बंद' अशी पाटी लागते. त्यानंतर कापड घेऊन गेलं तर मास्टर हात जोडून सांगतात, "बाजी, आता ईदनंतरच." मग ऐनवेळी बाजारातला तयार सूट घ्यावा लागतो. तो खांद्यात बसला तर कमरेत आवळतो आणि कमरेत बसला तर बाही मनगटाच्या वर राहते.

दुसऱ्या बाजूला, आपल्या कितीतरी घरांत शिलाई मशीन आहे. कुणाला ते लग्नात मिळालेलं असतं, कुणी शिवण क्लास संपवून घेतलेलं असतं. अनेक भगिनी कारखान्याचे नग घरी आणून नगामागे मजुरी घेतात. त्यांची शिलाई सरळ असते, हात सफाईदार असतो. तरी स्वतःचा सूट मात्र बाहेर शिवायला जातो. कारण विचारलं तर उत्तर बहुतेक एकच असतं, "शिवता येतं हो, पण कापायला भीती वाटते. कापड वाया गेलं तर?"

ही भीती खोटी नाही. चुकीची शिवण उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड जोडता येत नाही. म्हणून घरच्या शिवणकामात सर्वात मोठा निर्णय मशीनवर बसण्याआधीच होतो. तो म्हणजे फर्मा कोणता घ्यायचा. इंग्रजीत ज्याला पॅटर्न म्हणतात त्याला आपल्याकडे फर्मा, पेपर कटिंग किंवा ड्राफ्ट म्हणतात. तो नीट निवडला आणि एकदा आपल्या अंगावर बसवून घेतला, तर वर्षभराचे कपडे त्याच्यावर निघतात. त्यासाठी दहा-वीस फर्म्यांची गरज नाही. चार पुरेसे आहेत.

फर्मा आला कुठून

कागदी फर्मे विकायचा धंदा तसा जुना आहे. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे फर्मे विकायला सुरुवात केली. त्याआधी घरी शिवणाऱ्या बाईला एकाच मापाचा नमुना मिळायचा आणि तो लहान-मोठा करणं तिचं तिनेच बघायचं.

आपल्याकडे मात्र कागदाशिवायच काम चालायचं, कारण जुन्या कपड्यांची कटिंगच तशी होती. कळीदार कुर्ता आठवून पाहा. मध्ये सरळ लांब पट्टा, दोन्ही बाजूंना तिरक्या कळ्या, सरळ बाही आणि बगलेत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला. सगळे तुकडे चौकोन आणि त्रिकोण. कळ्या कापताना एक सुलट आणि एक उलट ठेवली की मध्ये कापड उरतच नाही. मागावरून जेवढं कापड आलं तेवढं जवळजवळ सगळं अंगावर जायचं. इस्राफ टाळण्याचा, म्हणजे उधळपट्टी न करण्याचा, याहून सोपा धडा सापडणार नाही.

आजची कटिंग वेगळी आहे. गोल मुंढा, खांद्याचा उतार, कमरेचा आकार आणि टक्स आल्याने कपडा अंगावर नीट बसतो, पण अंदाजाने कात्री चालवता येत नाही. त्यामुळे कागद लागतो.

फोटो बाजूला ठेवा, आपला दिवस बघा

बहुतेक जणी फर्मा निवडतात तो फोटो बघून. मोबाईलवर मॉडेलच्या अंगावर जमिनीपर्यंत लोळणारा अनारकली दिसतो आणि तोच शिवावासा वाटतो. फोटोतली बाई उभी असते. आपण दिवसभर उभ्या नसतो. आपण जिना चढतो, ओट्यापाशी काम करतो, मुलाला शाळेत सोडतो, बसमध्ये लोंबकळतो, स्कूटीच्या मागे बसतो आणि पाच वेळा नमाज पढतो.

म्हणून आधी एका कागदावर आपला आठवडा लिहून काढा. घरात किती तास, बाहेर किती, कामावर कोणता पोशाख चालतो, प्रवास कशाने होतो, लग्न-कार्य महिन्यात किती. मग लक्षात येईल की सात दिवसांपैकी सहा दिवस आपल्याला साधा, धुवायला सोपा कुर्ता आणि आरामशीर सलवार लागते. अनारकली वर्षातून दोन-तीनदा. मेहनत आणि कापड जिथे रोज उपयोगी पडेल तिथे आधी घालावं.

घेराचा एक हिशेब बघा. पूर्ण अंब्रेला कटमध्ये कमरेपासून खाली ४० इंच उंची आणि कमर ३० इंच धरली, तर खालच्या गोलाचा घेर सुमारे २८१ इंच होतो. म्हणजे सात मीटरहून जास्त. तेवढी किनार दुमडायची, तेवढी धुवायची, तेवढी सांभाळत चालायची. दुचाकीवर मागे बसल्यावर एवढा घेर चाकापाशी जाऊ देणं जिवावर बेतू शकतं. रोज स्कूटीवर जाणाऱ्या मुलीने सहा कळ्यांचा बेताचा घेर निवडलेला बरा. अंग तेवढंच झाकलं जातं आणि कापडही कमी लागतं.

अबायाच्या नंबरचा घोळ

तयार अबाया घेताना दुकानदार ५२, ५४, ५६, ५८ असे नंबर सांगतो. अनेकींना वाटतं हा छातीचा नंबर असेल. तो लांबीचा आकडा असतो, इंचांमध्ये. खांद्यापासून खाली अबाया किती येईल तेवढंच तो सांगतो. आता उंचीने कमी पण अंगाने भरलेल्या बाईचं काय होतं बघा. तिच्या उंचीला ५२ नंबर बरोबर, पण तो छातीत आणि नितंबावर तंग. अंगाला मोकळा व्हावा म्हणून ५६ घेतला तर चार इंच जमिनीवर लोळतो. मग तो खालून कापावा लागतो आणि काठावरचं नक्षीकामही जातं.

बाजारात आपलं माप मिळत नाही, याचा अर्थ आपलं शरीर चुकीचं आहे असा नाही. लांबी आणि रुंदी वेगवेगळी ठरवता येणं, हा घरी शिवण्याचा खरा फायदा आहे आणि अबायामध्ये तो सर्वात जास्त जाणवतो.

माप घ्या, मग मोकळीक ठरवा

फर्म्यावर दोन प्रकारचे आकडे असू शकतात. एक अंगाचं माप आणि दुसरं तयार कपड्याचं माप. यांतला फरक म्हणजे मोकळीक. टेलर तिला लूज म्हणतात. फर्मा घेताना त्यावर लिहिलेलं माप यांपैकी कोणतं, हे आधी बघा. इथे गफलत झाली तर पुढचं सगळं चुकतं.

छाती ३६ इंच असेल तर न ताणणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्यात साधारण ४ इंच मोकळीक लागते, म्हणजे तयार कुर्ता ४० इंचांचा. सैलसर आवडत असेल तर ६ इंच. अबाया कपड्यांवर घालायचा असल्याने त्यात ८ ते १० इंच किंवा त्याहूनही जास्त मोकळीक ठेवतात. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाला कमी मोकळीक चालते, पण असं कापड अंगाला चिकटतं. सतराचा विचार करणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं.

नितंबाचं माप नेहमी दोनदा घ्यावं, एकदा उभं राहून आणि एकदा बसून. बसल्यावर ते वाढतं. कुर्ता किंवा सलवार फाटते ती बसताना. म्हणून मोठा आकडा धरावा.

तयार फर्म्यात आपली सगळी मापं एका नंबरात क्वचितच बसतात. अशा वेळी खांदा आणि छातीचा वरचा भाग ज्या नंबरात बसतो तो नंबर घ्या, आणि कमर, नितंब, लांबी आपल्या मापाने वाढवा. बाजू वाढवणं सोपं असतं. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं अवघड.

कुर्ता घातल्यावर पुढून उचलला जात असेल, तर बहुतेक वेळा छातीच्या भरीवपणाला पुढच्या भागात लांबी कमी पडलेली असते. नुसता कुर्ता सैल करून हे जात नाही. बाजूला टक्स असलेला फर्मा घ्या. टक्स थोडी जास्त लांबी देतो आणि पुढची-मागची किनार एका रेषेत येते.

नमाजची चाचणी

आपल्या पोशाखाला एक परीक्षा द्यावी लागते, जी परदेशी फर्मा करणाऱ्याच्या मनातही नसते. ती म्हणजे रुकू आणि सजदा. उभं राहिल्यावर गुडघ्यापर्यंत आलेला कुर्ता रुकूत मागून वर सरकतो. सजद्यात बाही मनगटावरून मागे जाते. बाजूचे चाक, म्हणजे साइड कट, कमरेपर्यंत वर असतील तर बसल्यावर उघडतात. फिकहच्या बारकाव्यांत न शिरताही एवढं सांगता येईल की कपड्याने नमाजमध्ये लक्ष विचलित करू नये.

म्हणून फर्मा पसंत करताना चार गोष्टी तपासा.

पहिली, चाक कुठून सुरू होतात. ते नितंबाच्या सर्वात रुंद भागाच्या खालीच सुरू व्हावेत.

दुसरी, बाहीची लांबी. हात सरळ ठेवून नव्हे, तर कोपर वाकवून खांद्यापासून मनगटापर्यंत माप घ्या. एक ते दीड इंचाचा फरक निघतो.

तिसरी, वुजू. बाही कोपराच्या वर सहज चढली पाहिजे. तंग चुडीदार बाही दिसायला छान, पण दिवसातून पाच वेळा ती ओढून वर नेताना शिवण उसवते आणि कडा ओल्या राहतात. मनगटाला चीर देऊन एक-दोन बटणं लावलेली बाही जास्त सोयीची.

चौथी, गळा. पुढे वाकल्यावर खोल गळा लोंबतो. ओढणीवर भरवसा ठेवण्यापेक्षा गळा अर्धा-पाऊण इंच वर घेतलेला चांगला. दूध पाजणाऱ्या आईने पुढच्या जोडात लपलेली चेन बसेल असा फर्मा बघावा.

पन्ह्याचा हिशेब

दुकानात गेल्यावर आपण विचारतो, "सूटला किती मीटर लागेल?" या प्रश्नाला पन्ह्याशिवाय उत्तर नाही. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हातमागाचं कापड ३६ इंची मिळतं, बरंचसं सुती कापड ४४ इंची असतं, आणि अबायासाठीचं निदा किंवा क्रेप बहुधा ५८ इंची.

एक उदाहरण घेऊ. नितंब ४२ इंच, कुर्त्याची लांबी ४४ इंच, पूर्ण बाही. नितंबाचा चौथा भाग साडेदहा इंच, त्यात एक इंच मोकळीक आणि एक इंच शिलाईचं मार्जिन मिळवलं की साडेबारा. घडीवर कापल्यावर पुढचा भाग २५ इंच रुंद होतो. ४४ इंची पन्ह्यात शेजारी १९ इंच उरतात, त्यात एक बाही बसते. मागच्या भागाशेजारी दुसरी बाही. म्हणजे कुर्त्याच्या दोन लांब्या, प्रत्येकी दोन इंच दुमड धरून ९२ इंच. अडीच मीटर कापड पुरतं.

हाच कुर्ता ३६ इंची कापडावर काढला तर शेजारी फक्त ११ इंच उरतात. बाही बसत नाही. बाह्यांसाठी वेगळे २४ इंच घ्यावे लागतात आणि कापड जवळपास तीन मीटर लागतं. म्हणून कापड आणण्याआधी फर्मा जमिनीवर मांडून बघा. चटईवर ४४ इंचांवर खडूची रेघ मारा, तुकडे फिरवून ठेवा आणि किती लांबी लागते ते मोजा. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये जा किंवा आपल्या गावच्या कापडबाजारात, हातात हा आकडा असला की ना जास्त घेतलं जातं, ना कमी पडतं.

एक सावधगिरी. मोठी नक्षी, एकाच दिशेची फुलं किंवा मखमल असेल तर तुकडे उलट-सुलट ठेवता येत नाहीत. कापड जास्त लागतं.

कापडाशी फर्म्याची जोडी

एकच फर्मा सुती कापडावर एक दिसतो आणि जॉर्जेटवर दुसरा. चुण्या आणि घेर असलेल्या फर्म्याला पडणारं, मऊ कापड लागतं. कडक खादीवर तोच फर्मा तंबूसारखा फुगतो. उलट सरळ कुर्ता, कॉलर आणि पट्ट्यांना थोडं अंग असलेलं सुती कापड बरं. शिकाऊ हाताने क्रेप आणि जॉर्जेट सुरुवातीला घेऊ नये. ते कात्रीखाली सरकतं.

पातळ कापडाची परीक्षा दुकानातच करा. कापडाखाली तळहात ठेवून उजेडात धरा. बोटं वेगवेगळी दिसली तर अस्तर लागणार. अस्तराचं कापड आणि मेहनत दोन्ही हिशेबात धरा. सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. नवं कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि मग मापात बसलेला कुर्ता आखूड होतो.

हे चार फर्मे पुरेत

पहिला, सलवार किंवा सरळ पँट. यात नेफा, आसन आणि मोहरी एवढंच जमवायचं असतं. चूक झाली तरी कुर्त्याखाली झाकली जाते, म्हणून सुरुवात इथून करावी. पतियाळा सलवार नंतर. तिला साध्या सलवारीच्या जवळपास दुप्पट कापड लागतं.

दुसरा, सरळ कुर्ता. हा पायाचा फर्मा. तो एकदा बसला की त्यावरच गळा बदलून, बाही बदलून, लांबी कमी-जास्त करून, पुढे पट्टी घालून सहा प्रकार निघतात. बघणाऱ्याला सहा वेगळे सूट दिसतात.

तिसरा, कळीदार किंवा ए-लाइन लांब झगा. चाक नसलेला. बेताच्या घेराने तो लग्नाला अनारकली म्हणून चालतो. थोडा रुंद करून पुढून उघडा ठेवला की अबाया होतो.

चौथा, नमाजची मोठी ओढणी किंवा खिमार. मोजून घ्यायचं ते चेहऱ्याभोवतीचं माप आणि कपाळापासून हाताच्या बोटांपर्यंतची लांबी. बाकी सरळ शिलाई. कामावर किंवा प्रवासात पर्समध्ये मावेल अशा हलक्या कापडाची एक वेगळी करावी.

या चार फर्म्यांवर तीन सलवारी आणि पाच कुर्ते अशा रंगांत काढले की प्रत्येक सलवार प्रत्येक कुर्त्यावर चालेल, तर आठ कपड्यांत पंधरा जोड्या होतात. कपाट भरण्याचा हा मार्ग खरेदीच्या मार्गापेक्षा संथ आहे, पण यात न घालता पडून राहिलेलं जवळपास काही नसतं.

इंटरनेटवरचा फर्मा

आजकाल फर्मे पीडीएफमध्येही मिळतात. घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून एफोर कागदांवर छापून ते चिकटवता येतात. छापताना 'फिट टू पेज' नको, १०० टक्के मापातच छापायला सांगा. फर्म्यावर तपासणीचा एक चौकोन दिलेला असतो. आधी तेवढंच एक पान काढून तो चौकोन पट्टीने मोजा. अर्धा सेंटिमीटर कमी भरला तरी पूर्ण कुर्ता लहान होईल. शिवाय माप इंचांत आहे की सेंटिमीटरमध्ये, आणि शिलाईचं मार्जिन धरलेलं आहे की नाही, हे वाचल्याशिवाय कात्री उचलू नका.

पैसे न घालवता फर्मा मिळवायचा आणखी एक रस्ता घरातच आहे. नीट बसणारा, जुना झालेला कुर्ता उसवा, तुकडे इस्त्री करून खाकी कागदावर ठेवा आणि बाहेरून रेघ मारा. धाग्याची दिशा बाणाने दाखवा. ताणलेला किंवा आटलेला कुर्ता मात्र यासाठी घेऊ नका.

आधी मांजरपाट

फर्मा कितीही चांगला असो, पहिली कटिंग चांगल्या कापडावर करू नये. मांजरपाट घ्या किंवा जुनी चादर. मोठ्या टाक्याची कच्ची शिलाई घालून अंगावर चढवा. मग बसा, हात वर करा, रुकू आणि सजदा करून बघा. जिथे ओढतं तिथे खडूने खूण करा, उसवा आणि तो बदल लगेच कागदावर उतरवा. या एका संध्याकाळच्या कामामुळे कापायची भीती जाते. नंतर चांगल्या कापडावर कात्री चालवताना आपण अंदाज करत नसतो, तपासलेलं काम पुन्हा करत असतो.

बसलेल्या फर्म्यावर नाव, तारीख, माप, धाग्याचा बाण, 'घडीवर कापा' ही सूचना आणि मार्जिन किती ते लिहा. सगळे तुकडे एका मोठ्या पाकिटात ठेवा. दर वर्षी माप पुन्हा तपासा. बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर तर नक्कीच.

आपल्या परंपरेत हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांना शिलाईचा आरंभ करणारे मानले जाते. हजरत आयशा रजिअल्लाहु अन्हा यांच्या रिवायतीत येतं की प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपला कपडा स्वतः शिवत असत. सूरह अल-आराफमध्ये लिबासाचा उल्लेख अंग झाकणारा आणि शोभा देणारा असा येतो, आणि त्याच सूरहमध्ये उधळपट्टीपासून रोखलंही आहे. हातात सुई धरणं हे आपल्याकडे कधीच कमी दर्जाचं काम नव्हतं.

ज्या भगिनी आज दुसऱ्यांचे नग शिवतात, त्यांच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. नग शिवणाऱ्याला शिलाईची मजुरी मिळते, कटिंग जाणणाऱ्याला पूर्ण कपड्याची. हेच चार फर्मे तीन-चार मापांत तयार असले की शेजारणीचा सूट घेता येतो, मग तिच्या बहिणीचा. शाबान महिन्यात फर्मे तयार करून ठेवले, तर रमजानमध्ये इबादतीला वेळ राहील आणि इन्शाअल्लाह ईदच्या सकाळी अंगावर आपल्या मापाचा कपडा असेल.